कुरुंदवाडची इतिहास-फेरी : वाडीच्या घाटापासून कोपेश्वरापर्यंत

कोल्हापूर परिसरातून नृसिंहवाडीला जाणाऱ्यांची संख्या मोठी असली, तरी पंचगंगेवरचा पूल ओलांडून कुरुंदवाडात मुद्दाम थांबणारे थोडेच असतात. दत्तदर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी आणि परतीची गाडी हा बहुतेकांचा शिरस्ता आहे. कुरुंदवाडातील एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या काही माजी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि खिद्रापूर अशी दिवसभराची इतिहास-फेरी सुरू केली आहे. तिला संस्थेचे नाव नाही, फलक नाही, जाहिरातही नाही; ओळखीतून ओळख होत माणसे जमतात आणि पंधरा-वीसजणांचा गट झाला की रविवार ठरतो. अशा एका रविवारी या फेरीत सहभागी झाल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. फेरी आवर्जून करावी अशी आहे. तिच्यातल्या काही उणिवा मात्र गंभीर आहेत आणि त्या दूर करणे आयोजकांच्या हातात आहे.

सुरुवात सकाळी लवकर नृसिंहवाडीच्या, म्हणजे वाडीच्या घाटावर होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती या प्रवाहांची मिळून झालेली पंचगंगा कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीपासून सुमारे ८० किलोमीटर वाहत येऊन येथे कृष्णेला मिळते, एवढे सांगून सर सगळ्यांना पाण्याच्या बाजूला तोंड करून उभे करतात. वाडी एका अंगाला, कुरुंदवाड दुसऱ्या अंगाला, आणि कृष्णेपलीकडे औरवाड, म्हणजे जुने अमरापूर. ही मांडणी एकदा डोळ्यांत बसली की पुढचा सगळा दिवस समजायला सोपा जातो. नृसिंह सरस्वतींचे येथील बारा वर्षांचे वास्तव्य, गुरुचरित्रातली घेवड्याच्या वेलाची कथा, अमरेश्वराचे देऊळ हे सारे भाविकांना ठाऊकच असते. पण त्या कथेतला गरीब ब्राह्मण नदीच्या कुठल्या काठावर राहत होता आणि गुरू भिक्षेला कुठून कुठे जात, हे काठावर उभे राहून ऐकण्यात निराळेच समाधान आहे.

दत्तमंदिराची वास्तू नेहमीच्या शिखराची नाही. विजापूरच्या आदिलशहाने मुलीची दृष्टी परत आल्यावर हे बांधकाम करून दिले, अशी परंपरा आहे. सरांनी ती परंपरा म्हणूनच सांगितली. तिला इतिहासाचा शिक्का मारला नाही आणि तिची टिंगलही केली नाही. या फेरीचा मला सर्वांत भावलेला गुण हाच. कागदोपत्री नोंद कुठली, लोकांच्या तोंडी असलेली हकिकत कुठली आणि अभ्यासकांचा तर्क कुठला, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे करून सांगितले जाते. आपल्याकडे स्थळदर्शन घडवणाऱ्यांमध्ये ही शिस्त फार दुर्मीळ आहे.

दक्षिणद्वार सोहळ्याची माहितीही याच पद्धतीने मिळते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढून उत्तरेकडून मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी माणसे रात्री-अपरात्री धावत येतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. पूर म्हणजे केवळ संकट अशी सवय झालेल्या आपल्यासारख्या शहरी माणसांना, पुराची वाट पाहणारे आणि पुरासाठी देवळातले नित्यक्रम शतकानुशतके बसवून घेतलेले हे गाव समजून घेण्याजोगे आहे.

वाडीहून कुरुंदवाडकडे नावेने जाण्याची व्यवस्था हा फेरीचा उत्तम भाग ठरला. नावाडीमामांनी वाटेत पाण्याचा रंग कुठे बदलतो, पंचगंगेचा प्रवाह कृष्णेत कुठवर वेगळा ओळखू येतो, हे वल्ह्याने दाखवले. आमच्यातल्या एका ताईंनी विचारले, “मामा, पुराच्या वेळी नाव कुठं बांधता?” त्यावर ते म्हणाले, “ताई, नाव बांधायची नसती. त्या वक्ताला गाव नावंतच असतंय.” ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्याची जी अवस्था झाली, ती आठवणाऱ्या कोणालाही या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. कोल्हापूरकरांना हे आकडे पाठ असतात. ते पाणी खाली उतरून आधीच फुगलेल्या कृष्णेला भिडते तेव्हा संगमावरच्या गावांचे काय होते, याचा विचार आपण फारसा करत नाही. कृष्णेला जागा नसली की पंचगंगा थांबते, मागे फुगते, आणि दोन्ही नद्यांच्या मधली गावे कित्येक दिवस पाण्यात राहतात. मामांचे बोलणे ठरवून कार्यक्रमात घातलेले नव्हते, आणि म्हणूनच आयोजकांनी नावाड्यांना बोलण्यासाठी मुद्दाम वेळ ठेवावा असे सुचवावेसे वाटते.

कुरुंदवाडचा घाट मोठा, दगडी आणि देखणा आहे. काठावर सेनापती संताजी घोरपडे यांची म्हणून पूजली जाणारी समाधी आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मोगली फौजांना सळो की पळो करून सोडणारा, कर्नाटकातल्या दोड्डेरीला मोगल सरदार कासीम खानाची कोंडी करणारा हा सेनापती १६९७ मध्ये, पाण्यापाशी एकटा गाठला जाऊन मारला गेला. गटातील एका तरुणाने थेट विचारले, “सर, समाधी नक्की त्यांचीच आहे का?” सरांनी उत्तर दिले, “बाळा, साताऱ्याच्या माण भागातही त्यांची समाधी दाखवतात, कारण त्यांचा अंत त्या बाजूला झाला. इथली परंपरा जुनी आहे आणि इथल्या लोकांनी ती मनापासून सांभाळली आहे. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.” एखाद्या मार्गदर्शकाने आपल्याच गावच्या सर्वांत मोठ्या अभिमानस्थळापाशी उभे राहून एवढे तोलून बोलावे, याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन करायला हवे.

येथून पुढे सरांनी जोडलेली साखळी हा संपूर्ण दिवसाचा गाभा होता. संताजींच्या आश्रयाने वाढलेला, मूळचा कोकणातला नारो महादेव जोशी याने कृतज्ञतेपोटी घोरपडे हे आडनाव लावले आणि इचलकरंजीच्या घराण्याचा पाया घातला. त्याच घराण्याचे कुलोपाध्याय होते रत्नागिरीकडच्या कोतवड्याहून आलेले हरभट पटवर्धन. नारो महादेवांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई हिच्याशी झाला आणि या नात्यातून हरभटांच्या मुलांना पुण्याची वाट मोकळी झाली. उपाध्येपणाची झोळी जाऊन हातात तलवार आली आणि दोन पिढ्यांत मिरज, सांगली, जमखंडी, कुरुंदवाड अशा जहागिरी उभ्या राहिल्या. हरभटांचे पुत्र त्रिंबक हरी यांची शाखा ती कुरुंदवाडची. याच शाखेतले कोन्हेरराव त्रिंबक १७७७ मध्ये हैदर अलीच्या फौजेशी सावंशी येथे झालेल्या लढाईत कामी आले. ही सारी नावे शाळेच्या पुस्तकात सुटी सुटी येतात. घाटाच्या पायऱ्यांवर बसून, समोर समाधी आणि मागे संस्थानिकांचे गाव असताना ती एका धाग्यात ओवली गेली, आणि संगमावरचे हे छोटे गाव मराठ्यांच्या दक्षिणेच्या राजकारणात का महत्त्वाचे ठरले ते उलगडले. दक्षिणेतून येणारी वाट, दोन नद्या ओलांडण्याचे उतार आणि मळीची सुपीक जमीन ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती या भागाची नाडी होती.

संस्थानाचा पुढचा इतिहास सरांनी थोडक्यात उरकला आणि ते योग्यच झाले. १८५४ मध्ये थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी झाली; मुलूखही एकसंध नव्हता, बेळगावजवळचे वडगाव-माधवपूर याच संस्थानाकडे होते. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. सरांनी नकाशा काढून दाखवलेली एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली ती शिरोळ रोडवरून, म्हणजे आजच्या जयसिंगपूरवरून. नदीकाठचे जुने राजधानीचे गाव बाजूला पडले आणि रुळांच्या कडेला शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेली नवी पेठ वाढत गेली. संगमाने कुरुंदवाडला मोठे केले होते. मालाची वाहतूक रुळांवर गेल्यावर संगमाचे ते मोल राहिले नाही. गावात आजही जे शांत, रुंद, काहीसे थांबलेले वातावरण जाणवते, त्याचे कारण पुष्कळ अंशी यात आहे.

त्यानंतर जुन्या गावातून पायी फेरी होते, आणि येथे मला अपेक्षा नसलेला ठेवा हाती लागला. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे मूळचे अंकलखोपचे, अश्वविद्येत निष्णात, आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पागेशी संबंधित. विलायती सर्कस पाहून त्यांनी ईर्षेने स्वतःची सर्कस उभी केली आणि १८८० मध्ये मुंबईत तिचे खेळ सुरू झाले. पुढे म्हैसाळच्या देवलांसारख्यांनी हीच वाट धरली आणि कृष्णाकाठ सर्कशीचे माहेर ठरला. छत्र्यांचे दुसरे वेड गाण्याचे होते. ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हे विलक्षण प्रतिभेचे, पण संसारातले चित्त हरवलेले गवई. त्यांना छत्र्यांनी सांभाळले, सर्कशीबरोबर गावोगाव नेले आणि त्यांचे गाणे लोकांपर्यंत पोहोचवले. विष्णुपंत १९०५ मध्ये गेले. त्यांच्यामागे छत्रे कुटुंबाने खाँसाहेबांचा सांभाळ केला, आणि रहिमत खाँ यांनी १९२२ मध्ये कुरुंदवाडातच देह ठेवला.

हे सांगून झाल्यावर सरांच्या एका विद्यार्थ्याने, एका जुन्या वाड्याच्या सावलीत सगळ्यांना बसवून, खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रित गाणे ऐकवले. साधी ध्वनिपेटी, शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीची खरखर, आणि तिच्यातून वर येणारा तो उंच, भिरभिरणारा आवाज! कोणीही जागचे हलले नाही. कोल्हापूरला अल्लादिया खाँसाहेबांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण त्यांच्याच काळातला एवढा मोठा गायक पन्नासेक किलोमीटरवरच्या या गावात शेवटचे दिवस काढत होता, हे आपल्यापैकी किती रसिकांना माहीत आहे? कुरुंदवाडात रहिमत खाँ यांचे गाणे वर्षातून एकदा तरी घाटावर सार्वजनिकरीत्या ऐकवले जावे, असे मला कळकळीने वाटते. फेरीतील हा अर्धा तास एकट्यानेही दिवसाचे शुल्क वसूल करून देतो.

गावातील मशिदींपाशी फेरी थोडी थांबते. कुरुंदवाडात पाच मशिदींमध्ये गणेशोत्सवात गणपती बसवला जातो, आणि मोहरम व गणेशोत्सव एकत्र आले तर पीर-पंजे आणि गणपती एकाच छताखाली असतात. या प्रथेविषयी वर्तमानपत्रांत दरवर्षी छायाचित्रे येतात. येथे मात्र मशिदीच्या व्यवस्थेतील एक चाचा स्वतः बोलले. आरतीची तयारी कोण करतो, प्रसाद कोण वाटतो, मंडळाचा हिशोब कसा राहतो, असे अगदी व्यवहारातले तपशील त्यांनी सांगितले. मोठमोठ्या शब्दांपेक्षा या तपशिलांमुळे गावाची वीण अधिक स्पष्ट दिसली.

दुपारचे जेवण एका घरगुती खानावळीत होते. भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी, खर्डा, आमटी-भात आणि शेवटी बासुंदी असा साधा बेत होता. वांगी काटेरी, चवीला गोडसर आणि शिजूनही आकार न सोडणारी होती. मळीच्या जमिनीतली वांगी इतकी नावाजली का जातात, याचे उत्तर ताटातच मिळाले. बासुंदीत दूध आटवल्याची खरी चव होती आणि साखर बेताची होती. जेवणाबद्दल तक्रार करण्याजोगे काही नाही.

तक्रार आहे ती जेवणानंतरच्या भागाची. अकिवाट, सैनिक टाकळीच्या बाजूने उसाच्या फडांतून खिद्रापूरला पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती, आणि कोपेश्वराच्या मंदिरासाठी जेमतेम तासभर उरला. हे मंदिर एका तासाचे नाही. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात आकाराला आलेल्या या मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा असून त्याचे छत मध्यभागी गोलाकार मोकळे आहे. खाली तेवढ्याच घेराची रंगशिला म्हणजे गोल दगडी चौथरा, भोवती बारा खांबांचे वर्तुळ आणि वर वाहनांवर आरूढ दिक्पाल आहेत. बाहेर जोत्याच्या वर हत्तींची रांग मंदिराला पाठीवर घेऊन उभी आहे. सभामंडपातील खांब दगडाचे असूनही चरकावर (लेथवर) कातून काढल्यासारखे गुळगुळीत आहेत. मंदिरात नंदी नाही. तो कर्नाटकातील यडूरला आहे, अशी समजूत आहे. जवळच आदिनाथाचे जैन मंदिरही आहे, ते आम्हाला धावतपळत पाहावे लागले.

सर्वांत मोठी हुकलेली संधी शिलालेखाची. यादव राजा सिंघण याचा येथील देवनागरी लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा, १२१३ च्या सुमाराचा आहे. त्यात कोपेश्वराच्या पूजेसाठी मिरज प्रांतातले कूडलदामवाड हे गाव, जुगूळ आणि शिरगुप्पी यांच्यासह, दान दिल्याची नोंद आहे. हे कूडलदामवाड म्हणजेच आजचे कुरुंदवाड, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या गावात आम्ही सकाळपासून फिरत होतो, त्याचा सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा उल्लेख आमच्यासमोर दगडावर कोरलेला होता, आणि सरांनी तो घाईघाईने हाताने दाखवून आम्हाला पुढे नेले. या लेखाचे वाचन ओळीओळीने व्हायला हवे होते. छापील पानावर लेखाचा पाठ आणि मराठी अर्थ दिला, तर पंधरा मिनिटांत हे काम होईल. माझे स्पष्ट मत असे आहे की खिद्रापूर सकाळी घ्यावे, लेखापासून आरंभ करावा आणि नदीने वर येत येत कुरुंदवाड-वाडीला शेवट करावा. त्यामुळे इतिहासाचा क्रमही सरळ राहील.

आशयाच्या अंगाने दुसरी उणीव शेतीची. नदीकाठची मळी, उपसा सिंचनाने सर्वदूर पोहोचलेले पाणी, त्यानंतरचा ऊस, आणि पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालेली शिरोळ तालुक्यातील जमीन हा या भागाच्या गेल्या काही दशकांचा खरा इतिहास आहे. गाडी त्याच रानांमधून जाते, काही ठिकाणी पांढरट पडलेली जमीन खिडकीतून दिसते, तरीही त्याविषयी एक शब्द निघाला नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दलही मौनच होते. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच आणि काळे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे मौन खटकल्याशिवाय राहणार नाही. शिवाय बायकांच्या वाट्याचा इतिहास अनुबाईंपाशी सुरू होऊन तिथेच संपतो. विधवांशी निगडित अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ मध्ये करणारे हेरवाड गाव येथून अगदी जवळ आहे. तेथे थांबणे शक्य नसेल, तर निदान त्याची हकिकत तरी सांगावी.

व्यवस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. घाटाच्या पायऱ्या उंच असून काही ठिकाणी शेवाळलेल्या आहेत आणि आधाराला कठडा नाही; गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी काठी जवळ ठेवावी. गटातील एका आजींना विद्यार्थ्यांनी हात धरून सांभाळून उतरवले, त्यांच्या वागण्यात अगत्य होते. मात्र स्वच्छतागृहाची सोय वाडी सोडल्यानंतर जेवणाच्या ठिकाणापर्यंत नाही, ही बाब महिलांसाठी अडचणीची आहे आणि नोंदणीच्या वेळीच सांगायला हवी. नावेत बुडण्यापासून वाचवणारी जाकिटे (लाइफ जॅकेट) सर्वांना पुरेशी नव्हती. पाणी शांत होते, पण नदीच्या बाबतीत एवढ्यावर विसंबून चालत नाही. प्रत्येकाला जाकीट मिळाल्याशिवाय नाव सोडू नये.

शुल्क माफक आहे आणि त्यात नाव, जेवण व खिद्रापूरपर्यंतची गाडी धरलेली असते. कोल्हापूरहून वाडीपर्यंत आपले आपण यायचे असते. एसटीने किंवा जयसिंगपूरपर्यंत रेल्वेने येऊन पुढे सहज पोहोचता येते. जून ते सप्टेंबर फेरी बंद असते आणि एप्रिल-मे मध्ये खिद्रापूरचा दगड तापतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास फेरी ठरली, तर स्वर्गमंडपाच्या मोकळ्या छतातून चंद्र पाहण्यासाठी खिद्रापुरात रात्री थांबता येईल का, अशी विचारणा आमच्यापैकी अनेकांनी केली आहे. सरांनी गावकऱ्यांशी बोलून कळवतो असे सांगितले आहे. तसे ठरल्यास मी पुन्हा नाव नोंदवणार आहे, आणि त्या वेळी शिलालेखाचे छापील पान सर्वांच्या हाती असावे ही विनंती त्यांच्याकडे आधीच करून ठेवली आहे.